दूधसागर : पाहायचा तर कुठून?

साशंक : तुझ्या ग्रुपची जाहिरात वाचली. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी दूधसागर, रविवारी तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ आणि सोमवारी सकाळी ऑफिसात हजर. चहा, नाश्ता, जेवण, वाहतूक आणि यादीत सगळ्यात शेवटी 'थरार'. म्हणजे थरारसुद्धा दरात धरलेला. मला एवढंच सांग, धबधबा पाहायला जायचं म्हणजे नेमकं काय करायला जायचं? 310 मीटरवरून चार टप्प्यांत पाणी कोसळतं, ते पाहून व्हायला किती वेळ लागतो? बाकीचा सगळा वेळ माणसं भिजतात, मॅगी खातात आणि एकमेकांचे फोटो काढतात. त्या फोटोंत पाहा, प्रत्येकाची पाठ पाण्याकडे असते.

भटक्या : असते. पण लग्नाच्या फोटोतही नवरानवरी एकमेकांकडे पाहत नाहीत, म्हणून लग्न खोटं ठरत नाही. तुझा खरा राग फोटोवर नाही, गर्दीवर आहे. आणि गर्दी का होते, याचा विचार तू करत नाहीस. माझ्या ग्रुपमध्ये येणारी बहुतेक मुलं हिंजवडीत, खराडीत, नाहीतर भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करतात. त्यांच्या हाती आठवड्याचे दोन दिवस असतात, कित्येकांच्या हाती एकच. सह्याद्रीला पाणी असतं जून ते सप्टेंबर. त्यातले घरच्या कामांचे, पाहुण्यांचे, गणपतीचे रविवार वजा कर, काय उरतं? सगळे एकाच दिवशी बाहेर पडतात, कारण सगळ्यांना एकाच दिवशी सोडलं जातं. 'आम्ही बुधवारी जातो, तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं' असं सांगणारी माणसं मला फार भेटतात. त्यांचा बुधवार ही त्यांची रसिकता नसते, त्यांची सवड असते.

साशंक : हे मान्य. गर्दी ही चवीची नाही, सुट्टीची गोष्ट आहे. पण कारण समजलं म्हणून परिणाम कमी होत नाही. 30 जून 2024 रविवारच होता. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. 15 जून 2025 हाही रविवारच. तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला, चौघे गेले. आता दूधसागर घे. पावसाळ्यात पायथ्याच्या कुळ्याहून जीप बंद असतात, कारण त्यांची वाट नदीच्या पात्रातून जाते. मग लोक काय करायचे? रात्रीच्या गाडीने घाटमाथ्यावरच्या कॅसल रॉकला उतरायचे आणि रुळांवरून चालत यायचे. कॅसल रॉक ते कुळे हा सुमारे 26 किलोमीटरचा घाट आहे. चढ सदतिसास एक, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर चढते किंवा उतरते. रेल्वेच्या हिशेबात हा भयंकर चढ. गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. अशा उतारावर बोगद्याच्या तोंडाशी अचानक माणसं दिसली तर ड्रायव्हरने काय करावं? 2023च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी तिथे पोचलेल्या शेकडो तरुणांना अडवलं, कित्येकांना उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ पाहून सगळा महाराष्ट्र हसला. मला हसू आलं नाही, पण पोलिसांचा रागही आला नाही.

भटक्या : मला आला. रुळांवरून चालणं गुन्हा आहे, रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली दंड आहे, तुरुंगवास आहे. तो लाव. उठाबशा कुठल्या कलमात आहेत? पण मुद्दा त्याहून मोठा आहे. आपल्याकडे धबधब्याबद्दल सरकारचं धोरण म्हणजे पावसाळा सुरू झाला की जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश. आधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघायचा, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 खाली निघतो. संध्याकाळनंतर थांबू नका, पाण्यात उतरू नका, कड्याशी सेल्फी काढू नका. 2023मध्ये गोव्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले, तेव्हा वनखात्याने पाण्याजवळ जाणंच बंद केलं. आदेश काढला की प्रशासन मोकळं. पण वर पाऊस वाढला तर खाली भोंगा वाजेल, अशी सोय किती ठिकाणी आहे? एखादी जाड दोरी, एखादा प्रशिक्षित माणूस, पाण्याची पातळी दाखवणारा एक रंगवलेला खांब? तू कुंडमळ्याचं उदाहरण दिलंस. तिथे दोष पाण्याचा नव्हता. पूल जीर्ण झाला होता, तो पडला. त्याचं पाप पर्यटकांच्या हौसेवर टाकणं फार सोयीचं आहे.

साशंक : कुंडमळ्याचं उदाहरण मी मागे घेतो. भुशीचं घेत नाही. घाटातलं पाणी वाचावं लागतं. माथ्यावर कर्नाटकात ढग फुटलेला असतो आणि खाली कुळ्याला ऊन पडलेलं असतं. पाणी आधी किंचित गढुळतं, मग त्यात पालापाचोळा आणि काटक्या दिसू लागतात, डोहाचा आवाज जड होतो आणि मग काही मिनिटांत दगड दिसेनासे होतात. ज्याचं घर त्या ओढ्यावर आहे, तो काटक्या पाहताच काठावर येतो. तुझा हिंजवडीचा मुलगा त्या क्षणी रील काढत असतो. तो मूर्ख आहे म्हणून नव्हे. ते वाचायला लागणारे पावसाळे त्याने तिथे काढलेलेच नाहीत. रंगवलेला खांब ही उणीव भरून काढेल असं मला वाटत नाही. आणि दुर्घटना झाल्यावर त्याला शोधायला कोण उतरतं? लोणावळ्याच्या शिवदुर्ग बचाव पथकाची पोरं, गावातले पट्टीचे पोहणारे, बिनपगारी. रविवार त्यांचाही असतो.

भटक्या : म्हणूनच तर लीडर असतो. माझं काम तेच आहे, काटक्या पाहणं.

साशंक : चाळीस जणांत एक लीडर.

भटक्या : बरं, चाळिसात तीन ठेवीन. पण तुझ्या युक्तिवादाचा शेवट कुठे होतो ते बघ. ज्याला पाणी वाचता येत नाही त्याने पाण्याकडे जाऊ नये, आणि गेल्याशिवाय वाचता येत नाही. म्हणजे जो तिथे जन्मला त्याचाच तो धबधबा. हे तू उघड म्हणशील का?

साशंक : नाही म्हणणार. मी दुसरंच म्हणतोय. पाहायचा असेल तर गाडीच्या खिडकीतून पाहा. पुण्याहून जाणारी गाडी तिथून अंधारात जाते, पण वास्कोहून दुपारी निघणाऱ्या परतीच्या गाडीतून तो दिसतो. गाडी त्या पुलावरून जाते, तुषार थेट डब्यात येतात, सगळा डबा एका बाजूला झुकतो. एक-दोन मिनिटांचा खेळ. कोणी मरत नाही, कोणी बाटली टाकत नाही. निदान टाकू नये. तुझा वीकेंडही शाबूत राहतो. शनिवारी गोव्यात मासे खा आणि रविवारी येता येता धबधबा पाहा.

भटक्या : एक-दोन मिनिटं! हे पाहणं झालं? हे दिसणं झालं. वरच्या टप्प्याचं पाणी खाली पोचेपर्यंत धूर होतं, वारा फिरला की तो धूर आख्खा सरकतो, कड्याच्या एका अंगाला काळा कातळ उघडा पडतो आणि पुन्हा झाकला जातो. हे कळायला तासभर एका जागी बसावं लागतं. तासाभराने माणसं बोलायची थांबतात. माझ्या ग्रुपची तीच मुलं, मॅगीवाली. मी पाहिलंय. आणि तू ज्या खिडकीची एवढी थोरवी गातोस, ती तिथे आली कशी? तो मार्ग 1880च्या दशकात मुरगावच्या बंदरासाठी बांधला गेला. पोर्तुगीजांची हमी, ब्रिटिश भांडवल आणि डोंगर फोडणारे मजूर. आत जाणारा आणि बाहेर येणारा माल, एवढाच त्याचा हेतू. कॅसल रॉकला ब्रिटिशांची जकात, कुळ्याला पोर्तुगीजांची, दोन्हीकडे सामानाची झडती. 1955मध्ये गोव्याची नाकेबंदी झाली तेव्हा गाडीच बंद पडली आणि गोवा मुक्त होईपर्यंत तुझ्या खिडकीतून कोणीच काही पाहिलं नाही. धबधब्याच्या मधोमध पूल घालून जंगलाचे दोन तुकडे करणाऱ्या वाटेवर बसून तू मला जंगलाला धक्का लावू नकोस म्हणतोस, हे जरा गमतीचं आहे.

साशंक : आहेच गमतीचं. पुढची गंमत तुला ठाऊक आहे, तरी सांगतो. त्याच मार्गाचं दुपदरीकरण ठरलं. 2020च्या टाळेबंदीपर्यंत मोले अभयारण्यातल्या तीन प्रकल्पांना, म्हणजे रेल्वे, महामार्ग आणि वीजवाहिनी यांना, वन्यजीव मंडळाची हिरवी झेंडी मिळाली. गोव्यात ओरड झाली की दुसरा रूळ प्रवाशांसाठी नाही, बंदरावरून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने 2021मध्ये रेल्वेच्या विरोधात अहवाल दिला आणि मे 2022मध्ये न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. त्याआधी, 2021च्या जुलैत, दूधसागरच्या जवळच दरड कोसळून एक प्रवासी गाडी रुळांवरून घसरली होती. त्या डोंगराला एक रूळसुद्धा जड होतोय. तेव्हा माझी खिडकी निष्पाप नाही, हे मी जाणून आहे. पण ती आधीच तिथे आहे. तुझी पायवाट दर शनिवारी नव्याने पडते.

भटक्या : आता तू माझ्याच अंगणात आलास. मोले वाचवलं कोणी? ज्यांनी ते जंगल पाहिलं होतं, त्यांनी. ज्याने त्या ओढ्यात पाय बुडवलाय, त्यालाच 'तिथे वीजवाहिनी जाणार' या बातमीने चटका बसतो. नकाशावरच्या सुमारे 240 चौरस किलोमीटर हिरव्या रंगासाठी कोणी रस्त्यावर उतरत नाही. मी दर वर्षी काही मुलांना तिथे नेतो, म्हणजे दर वर्षी त्या जंगलाला काही साक्षीदार मिळतात.

साशंक : हा दावा सगळे ट्रेकवाले करतात आणि तो तपासत कोणीच नाही. 2020मध्ये काय झालं ते आठव. सगळे घरात कोंडलेले होते. मोलेसाठी जी पत्रं गेली, जी चित्रं काढली गेली, ती घरात बसून. त्यातल्या कित्येकांनी मोले पाहिलंही नसेल. न्यायालयात लढाई झाली ती कागदांवर, प्रवासी आणि मालवाहतुकीच्या आकड्यांवर. ज्या हजारोंनी तोवर दूधसागरच्या डोहात पोहून घेतलं होतं, ते त्या वेळी कुठे होते? मी उपहासाने विचारत नाही. खरंच, त्यांतल्या किती जणांनी एक ई-मेल लिहिला असेल, हे कळायला मला आवडेल. प्रेम वाटायला पाहावंच लागतं, हे आपण गृहीत धरून बसलोय. व्हेल न पाहता माणसं व्हेलसाठी भांडतात.

भटक्या : कागद आले कुठून? कॅसल रॉकच्या ओढ्यांत एक बेडूक आहे. इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे यांनी 2005मध्ये तो विज्ञानाला नवा म्हणून नोंदवला. रात्री बाहेर येणारा, पाण्याशी चिकटून जगणारा. या कुळातले बेडूक ओढ्यावर झुकलेल्या पानांवर, ओल्या दगडांवर अंडी घालतात आणि पिल्लं खाली वाहत्या पाण्यात टपकतात. घरात बसून हे कोणाला कळलं असतं? कोणीतरी पावसात, जळवा झटकत, रात्री बॅटरी घेऊन त्या ओढ्यात वाकलेला होता. असे दहा दाखले कागदावर आले की त्या जंगलाला वकील मिळतो.

साशंक : वाकलेला होता. पोहत नव्हता. तूच दिलेल्या उदाहरणात फरक आहे. ज्या ओल्या दगडावर ती अंडी असतात, त्याच दगडावर बसून तुझी मुलं बूट काढतात. त्यांना ते माहीत नसतं. माहीत असतं तर ती दुसऱ्या दगडावर बसली असती, कारण मुलं वाईट नसतात. पण दुसऱ्या दगडावरही काहीतरी असतंच. चाळीस जण, त्यामागे दुसऱ्या ग्रुपचे चाळीस, पंचतारांकित रिसॉर्टवाले वेगळे. दोन माणसं वाकून पाहतात आणि दोनशे बसतात, हे एकाच क्रियापदाखाली घालू नकोस.

भटक्या : आणि ती वाकणारी दोन माणसं कुठून येतात? ती आधी कधीतरी बसणाऱ्या दोनशेत होती. कोणत्या तरी शाळेच्या सहलीत, कोणाच्या तरी बापाच्या स्कूटरवर मागे बसून. दोनशेतली ती दोन कोणती हे आधी कळत नाही, म्हणून दोनशे न्यावे लागतात.

साशंक : हा मात्र चांगला युक्तिवाद आहे. मला त्याचं उत्तर येत नाही. फक्त त्याची किंमत कोण देतं, ते मोजायला हवं. ही दूधसागर नदी पुढे खांडेपार होते आणि मांडवीला मिळते. मिळण्याआधी ओपाला तिचं पाणी उपसून शुद्ध करतात आणि ते फोंड्यात, पणजीत नळाला येतं. तू दोनशे नेतोस, शंभर वाटेत डबे सोडतात, आणि पणजीतली माणसं...

भटक्या : पणजीतली माणसंही तिथे पोहायला येतात, काळजी करू नकोस. आणि कुळ्याचं काय? 2012मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, 2018मध्ये पुन्हा थांबल्या. त्या पट्ट्यात माणसांनी खायचं काय? पाऊस ओसरला की मेपर्यंत जीप चालतात, त्यावर घरं चालतात. जीवरक्षक जाकिटं भाड्याने देणारा, भजी तळणारी, वाटेवर चेकनाक्याला बसणारा. ही माणसं त्या धबधब्याची राखणदार होतील, कारण तो त्यांच्या पोटाशी बांधलेला आहे. तुझी खिडकी कुळ्याला एक रुपया देत नाही.

साशंक : पोटाशी बांधलेला असतो तेव्हा राखणही होते आणि पिळवणूकही. ज्याची जीप आहे त्याला जीप वाढायला हव्या असतात, डोह नव्हे. 2023मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई-मोले पट्टा व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं. सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेलं. लोकांचं काय, हेच कारण. लोकांचं खरंच काय, हा प्रश्न खोटा नाही. पण तो प्रश्न नेहमी वाघाच्या विरुद्धच वापरला जातो, रेल्वेच्या किंवा रिसॉर्टच्या विरुद्ध क्वचित, हे लक्षात घे.

भटक्या : यावर आपलं भांडण नाही.

साशंक : मग तिथल्या गाइडच्या कथेवर भांडू. दूधसागर हे नाव कसं पडलं ते तिथला प्रत्येकजण सांगतो. राजकन्या तळ्यात स्नान करून सोन्याच्या कलशातलं दूध पीत होती, झाडाआडून एक राजपुत्र पाहत होता, तिने लाजेने दूध ओतलं आणि त्या दुधाचा पडदा झाला. आता सांग, ही कथा कशाबद्दल आहे? कोणी पाहू नये म्हणून घातलेला पडदा. आणि आपण तोच पडदा पाहायला तिकीट काढतो.

भटक्या : हे तू छान जुळवलंस, पण कथा तिथे संपते का? दूध अजून वाहतंय, राजपुत्र अजून तिथेच उभा आहे. राजकन्येची युक्ती फसली. आपण सगळे त्या फसलेल्या युक्तीपासून सुरुवात करतोय. न पाहण्याचा पर्याय आता कोणाच्याच हातात नाही. 2013मध्ये 'चेन्नई एक्सप्रेस' सिनेमात तो पूल आणि त्यामागचा धबधबा देशाने पाहिला. आता प्रश्न इतकाच, की किती जणांनी आणि कोणत्या अंतरावरून. मर्यादा घालायची असेल तर मला चालेल. रोजची संख्या ठरव. पण ती पैशाने ठरवू नकोस. दर वाढवला की गर्दी कमी होते हे खरं. पण कमी होते ती चाकणची, कोरेगाव पार्कची नव्हे.

साशंक : मग कशाने ठरवू? चिठ्ठ्या टाकून? पूर्वी ते अंतरानेच ठरायचं. ज्याला दिवसभर रानातून चालता यायचं, तो पोचायचा.

भटक्या : म्हणजे ज्याचे गुडघे शाबूत आहेत, तो. मग माझ्या आईने काय करायचं?

साशंक : तुझ्या आईने गाडीच्या खिडकीतून पाहायचा. तेच मी मघापासून सांगतोय आणि तू त्याला 'दिसणं' म्हणून नाकं मुरडतोस. इतका वेळ तू मला सवडीवरून, पैशावरून, जन्मावरून पकडत आलास. आता पाहा, या सगळ्यांत सर्वांना सारखी असलेली जागा कोणती? जनरलच्या डब्यातली खिडकी. तिथे चाकण, कोरेगाव पार्क, तुझी आई आणि मुरगावहून गावी निघालेला बिहारी मजूर, सगळ्यांना तीच दोन मिनिटं मिळतात. समानतेचा आग्रह तुझा आणि ती जागा नको म्हणणाराही तूच.

भटक्या : कारण सगळ्यांना सारखं द्यायचं म्हणजे सगळ्यांना थोडंसंच द्यायचं, हे मला पटत नाही. बरं, एक तोड काढू. त्या पुलाआधी गाडी दहा मिनिटं थांबवा. दारं बंद, कोणी उतरायचं नाही.

साशंक : दहा मिनिटं थांबली की दारं उघडतील. उघडली की फलाट लागेल, फलाट झाला की चहा, चहा झाला की मागून येणाऱ्या मालगाडीला वाट द्यायला दुसरा रूळ. तो रूळ न्यायालयाने एकदा थांबवलाय. तुझ्या दहा मिनिटांसाठी तो परत मागायचा का?

भटक्या : तुझ्या प्रत्येक उत्तरात पुढची पायरी खालीच जाते. थांबायचं कुठे, हे तू सांगत नाहीस.

साशंक : नाही सांगता येत. खिडकीच्या पुढे पाऊल टाकताना प्रत्येक वेळी कारण द्यावं लागेल, एवढंच कळतं. तुझ्या त्या दोनशेतल्या दोघांचं कारण मला खोडता आलेलं नाही. पण ते दोनशे खिडकीतून पाहूनही ते दोघे निघतील की नाही, हे तुलाही ठाऊक नाही. मग एकदा तशी जाहिरात दे. 'परतीच्या गाडीतून दूधसागर. उतरणे नाही, पोहणे नाही, लीडर नाही.'

भटक्या : एकही नाव येणार नाही.

साशंक : तर मग ते धबधब्यासाठी येत नव्हते, हे तरी कळेल.

भटक्या : आणि दोनशे आली तर?

साशंक : तर रेल्वे जादा डबे जोडेल. मग त्या डब्यांवरून आपण पुन्हा भांडू.